शपथविधीनंतरचं मंत्रिमंडळ

जुलै-ऑगस्ट आला की जिल्हा परिषदेच्या शाळांत शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीचं वारं सुटतं. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या मोठ्या गावात तर विचारायलाच नको. अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, मोबाइलच्या ॲपवर मतदान, बोटाला मार्करची शाई. 15 ऑगस्टच्या सुमारास शपथविधी होतो, फोटो गटावर पडतो. महिनाभरानं, 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, तेव्हा आरोग्यमंत्री कोण हे विचारून पाहा. बऱ्याच शाळांत खुद्द मंत्र्यालाच आठवावं लागतं.

यात पोरांचा दोष नाही. निवडणुकीला वेळापत्रक असतं, मंत्रिपदाला नसतं. म्हणून मंत्रिमंडळ चालवायचं असेल तर निवडणुकीपेक्षा पुढच्या आठ महिन्यांची आखणी आधी करावी.

तरी निवडणुकीबद्दल थोडं. ती कशी घ्यायची हे गुरुजींना शिकवावं लागत नाही. निम्मी नोकरी मतदान केंद्रांवर गेलेली असते. फक्त ती त्यांनी स्वतः घेऊ नये. सातवी-आठवीतून तीन मतदान अधिकारी नेमावेत. पहिला हजेरीपटावरून नाव पुकारतो, दुसरा शाई लावून सही घेतो, तिसरा कंट्रोल युनिटचा मोबाइल सांभाळतो. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल घ्यावा, ती मतं मोजून दाखवून पुसून टाकावीत. मुरुडसारख्या गावात ग्रामपंचायतीचं राजकारण शाळेच्या फाटकाबाहेर थांबत नाही. कुणाचा तरी काका बिस्किटांचे पुडे वाटायला येतोच. त्यामुळे नियम साधा ठेवावा: प्रचाराचा खर्च शून्य, पालकांना प्रवेश नाही, प्रत्येकाला दोन मिनिटांचं भाषण आणि समोरच्या मुलांचे दोन प्रश्न. आणि मुख्यमंत्री मुलगा, उपमुख्यमंत्री मुलगी ही वाटणी आधीच ठरवून ठेवू नये.

हरलेल्यांचं काय, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. दुसऱ्या क्रमांकाची मतं घेणाऱ्याला विरोधी पक्षनेता करावं. त्याचं काम पुढे येईलच.

आता खाती. दहा-बारा खाती काढण्याची हौस टाळावी. पाणी व स्वच्छता, पोषण आहार, ग्रंथालय, क्रीडा, परिपाठ एवढी पुरतात. एक कसोटी लावावी: या खात्याची नोंदवही रोज भरता येईल का? नसेल तर ते खातं नुसतं नावाचं. पोषण आहाराचंच घ्या. मुलांना वाढण्याआधी अन्न चाखून नोंद करायची असते, त्यासाठी शाळेत चव नोंदवही असते. ती शिक्षकांची जबाबदारी, ती त्यांच्याकडेच राहावी. पण मंत्र्याच्या वहीत वेगळ्या गोष्टी येऊ शकतात: आज किती ताटं लागली, किती अन्न उरलं, खिचडी कोणत्या वर्गानं टाकून दिली आणि का. आठवडाभर ही वही भरली की सहावीतल्या पोरीलासुद्धा कळतं की आमटी पातळ झाली की भात उरतो. मग स्वयंपाकाच्या मावशींशी काय बोलायचं ते तिचं तिला सुचतं.

मंत्र्याला काय करता येणार नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगावं. बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं, छडी हातात घेणं, कुणाला उभं करणं, यातलं काहीही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शिक्षकांनाच शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ मना केला आहे. मग तो अधिकार शिस्तमंत्र्याला कुठून मिळणार? माझं मत विचाराल तर शिस्त हे खातंच नको. त्यातून नेते घडत नाहीत, फौजदार घडतात.

खरी गंमत शनिवारी. सकाळच्या शाळेत परिपाठानंतर वीस मिनिटं प्रश्नोत्तराचा तास ठेवावा. प्रश्न शुक्रवारी चिठ्ठीवर लिहून द्यायचे, म्हणजे मंत्र्याला वही चाळायला रात्र मिळते. विरोधी पक्षनेता चिठ्ठ्या वाचतो. मंत्र्यानं उत्तर तीनपैकी एकाच प्रकारे द्यायचं: काम झालं; काम अमुक तारखेला होईल; किंवा हे आपल्या हातात नाही, अमक्याच्या हातात आहे. समजा, चौथीतला पोरगा विचारतो, मुलींच्या बाजूच्या तोट्यांना पाणी का येत नाही? पाणीमंत्री वही उघडून सांगतो: सोमवारी टाकी भरली, दुपारी रिकामी झाली, एक तोटी गळते. तोटी बदलणं पहिल्या-दुसऱ्या प्रकारात बसतं. टाकीच लहान असेल तर तिसऱ्या. मग ग्रामपंचायतीला पत्र जातं. मसुदा मुलांचा, सही मुख्याध्यापकांची, आवक क्रमांक वहीत. 2016 साली रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूर जिल्ह्यात पाण्याचा हिशेब ठेवणारा मंत्री शोभेचा असूच शकत नाही.

राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजच्या रात्रशाळांत बालसंसद 1993 पासून आहे. दिवसा शेरडं राखणारी पोरं तिथं खासदार होतात आणि शाळा नीट चालते का ते पाहतात. पाहणीचं खरं काम हाती असल्यामुळे ती संसद टिकली, असं मला वाटतं.

थोडा पैसाही हाती द्यावा. बालआनंद मेळाव्यात पोरं भेळ, भाजी विकतात, त्यातला थोडा नफा मंत्रिमंडळाच्या निधीत टाकता येतो. चारशे रुपयांत चेंडू घ्यायचा की ग्रंथालयाच्या पुस्तकांना पुठ्ठे घालायचे, यावर होणारी भांडणं ऐकण्यासारखी असतात. खर्च झाला की पावती चिकटवून शनिवारी हिशेब वाचायचा.

आपल्याकडची एक अडचण पुस्तकातल्या नमुन्यांत सापडत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी कुटुंबं निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. क्रीडामंत्री फडावर गेला की खातं बंद पडतं. म्हणून प्रत्येक खात्याला सुरुवातीपासून दोघे नेमावेत, वेगवेगळ्या वर्गांतले. गेलेल्याचं पद कायम ठेवावं. परतल्यावर जोडीदारानं वही त्याच्यापुढे ठेवून मधले महिने समजावून सांगावेत.

शेवटचा दुवा शाळा व्यवस्थापन समितीचा. महाराष्ट्रात या समितीत एक मुलगा आणि एक मुलगी असे विद्यार्थी प्रतिनिधी घेतले जात आले आहेत. बहुतेक बैठकांत ती दोघं चहा येईपर्यंत गप्प बसतात. शनिवारच्या तिसऱ्या प्रकारातले प्रश्न त्यांनी तिथं मांडावेत, आणि मुख्याध्यापकांनी ते मुलांच्या नावानिशी इतिवृत्तात लिहून पुढच्या बैठकीत काय झालं ते आधी वाचून दाखवावं.