बिली जीन किंग कप म्हणजे काय? बालेवाडीत कसं मिळालं भारताच्या पोरींना पुढच्या फेरीचं तिकीट

पनवेल : टेनिसचा बॉल पनवेल तालुक्यात घरोघरी सापडेल. पण तो क्रिकेटसाठी आणलेला असतो. भातकापणी झाली की रिकाम्या शेतात पीच बनते, मग पावसाळ्यापर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा चालूच राहतात. रॅकेट मात्र गावात शोधून मिळत नाही. त्यामुळं एप्रिल २०२५ मध्ये इथून दीड-दोन तासांवर, एक्सप्रेसवे उतरलं की पुढं असलेल्या पुण्याच्या बालेवाडीत सहा देशांच्या पोरी टेनिस खेळायला उतरल्या, हे आपल्याकडं फार कुणाला कळलंच नाही. त्या सामन्यांत आपला देश होता आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची एक मुलगीही होती.

ती स्पर्धा म्हणजे बिली जीन किंग कप. सोप्या भाषेत सांगायचं तर महिला टेनिसचा वर्ल्ड कप. विम्बल्डनमध्ये खेळाडू स्वतःच्या नावावर खेळते, जिंकली तर बक्षीस तिचं. इथं देशाचा संघ उतरतो. शंभरावर देश यात भाग घेतात, पण सगळे एकदम फायनलला जात नाहीत. शाळेच्या कबड्डीत कसं, आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग आणि शेवटी राज्य. तसंच इथं आहे. आधी आपापल्या खंडाचा गट, आपला आशिया-ओशिआनिया. तिथून प्लेऑफ, त्यातून क्वालिफायर आणि मग फायनल. मधे कुठं हरलं की परत खालून सुरुवात.

एक लढत, तीन सामने

दोन देशांमधल्या लढतीत तीन सामने असतात. पहिल्या सामन्यात दोन्ही संघांच्या दोन नंबरच्या खेळाडू एकेरीत खेळतात. दुसऱ्यात एक नंबरच्या. तिसरा सामना दुहेरीचा, म्हणजे दोघी विरुद्ध दोघी. तीनपैकी दोन जिंकले की लढत आपली. १-१ अशी बरोबरी झाली तर सगळा भार दुहेरीवर येतो. एरवी टेनिसमध्ये दुहेरीकडं लोकांचं फारसं लक्ष नसतं, पेपरातही त्याला कोपरा मिळतो. या स्पर्धेत मात्र पुष्कळदा दुहेरीच निकाल लावते.

अजून एक फरक. इथं संघाचा कर्णधार स्वतः खेळत नाही. तो कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि बाजू बदलताना खेळाडूला सल्ला देतो. बालेवाडीत भारताचे कर्णधार होते विशाल उप्पल. मागच्या बाकावर संघातल्या बाकीच्या पोरी ओरडून धीर देत असतात. वर्षभर याच खेळाडू एकट्या बॅगा उचलून गावोगाव, देशोदेशी फिरतात. तिकिटं, हॉटेल, कोच हा खर्च बहुतेकींना स्वतःच भागवावा लागतो आणि कधी एकमेकींविरुद्धही खेळावं लागतं. एका बाकावर बसायचे त्यांचे दिवस वर्षातून थोडेच.

बालेवाडीतले पाच दिवस

८ ते १२ एप्रिल अशी ही फेरी झाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं शिवछत्रपती क्रीडा संकुल बालेवाडीचंच, तिथल्या टेनिस कोर्टांवर. भारत, न्यूझीलंड, थायलंड, हाँगकाँग, चायनीज तैपेई आणि दक्षिण कोरिया असे सहा संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं आणि पहिले दोनच पुढं जाणार.

सुरुवातच वाईट झाली. पहिल्याच दिवशी न्यूझीलंडनं भारताला २-१ नं हरवलं. त्यांच्याकडं लुलू सन होती, आदल्या वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचलेली. आता उरलेल्या चार लढतींत घसरायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवसापासून भारतानं थायलंड, हाँगकाँग, चायनीज तैपेई आणि कोरिया या चौघांनाही हरवलं, आणि चारही वेळा फरक २-१ असाच. एकही लढत आरामात जिंकलेली नाही. दर वेळी एक सामना हातचा गेला आणि बाकीचे दोन काढावे लागले.

यात हैदराबादच्या श्रीवल्ली भामिदिपतीनं कमाल केली. पाच दिवसांत पाच एकेरी सामने खेळली आणि पाचही जिंकली. सहजा यमलापल्ली आणि वैदेही चौधरी याही संघात होत्या. शेवटच्या दिवशी कोरियाविरुद्ध १-१ झालं आणि तिकीट अडकलं दुहेरीवर. कोर्टावर उतरल्या अंकिता रैना आणि बार्शीची प्रार्थना ठोंबरे. पहिल्या दिवशी न्यूझीलंडविरुद्धही लढत दुहेरीतच गेली होती. या वेळी त्यांनी ती सोडली नाही. न्यूझीलंड पहिला, भारत दुसरा, आणि दोघेही प्लेऑफला.

प्रार्थना काही त्या दिवशी अचानक उगवलेली नाही. २०१४ मध्ये इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत तिनं सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकलाही दोघी एकत्र खेळल्या. बार्शी म्हटलं की आपल्याला ज्वारीचा बाजार आणि भगवंताचं मंदिर आठवतं. तिथल्या मुलीनं टेनिसमध्ये ऑलिम्पिक गाठलं हे आपल्याकडच्या किती शाळांत सांगितलं जातं?

याआधी आणि नंतर

भारतानं प्लेऑफ गाठायची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा ते जमलं २०२० मध्ये दुबईत. तेव्हा सानिया बाळंतपणानंतर परतली होती आणि महाराष्ट्राची ऋतुजा भोसले संघात होती. पुढं २०२१ मध्ये लॅटव्हियानं आपल्याला ३-१ नं हरवलं. बालेवाडीनंतरचा प्लेऑफ नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळुरूत झाला. समोर स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स. दोन्ही लढती भारत हरला, म्हणजे पुन्हा आशियाच्या गटातून सुरुवात. फायनल त्याआधी सप्टेंबरमध्ये चीनच्या शेन्झेनमध्ये झाली होती आणि इटलीनं अमेरिकेला हरवून सलग दुसऱ्यांदा कप नेला.

ही बिली जीन किंग कोण?

अमेरिकेची टेनिसपटू. पुरुषांचा डेव्हिस कप १९०० साली सुरू झाला, बायकांसाठी अशी स्पर्धा यायला १९६३ उजाडलं. नाव होतं फेडरेशन कप. लंडनमध्ये १६ देश आले, अमेरिका जिंकली आणि त्या संघात बिली जीन होती. पण तिचं नाव स्पर्धेला दिलं ते फक्त खेळासाठी नाही. बायकांना पुरुषांपेक्षा फारच कमी बक्षीस मिळायचं, त्यावर ती भांडली. १९७३ मध्ये तिनं महिला खेळाडूंची संघटना उभी केली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये पुरुष आणि महिलांना सारखं बक्षीस मिळायला लागलं. २०२० मध्ये या कपला तिचं नाव दिलं गेलं.

याला पन्नास वर्षं उलटून गेली. आपल्या तालुक्यात पुढची कबड्डीची पत्रिका हातात आली की पुरुष गटाचं आणि महिला गटाचं पहिलं बक्षीस शेजारी शेजारी ठेवून बघा. महिला गट ठेवलेलाच नसेल तर तेही दिसेल.

कुणाच्या मुलीला खेळायचं असेल तर

याच कपची १६ वर्षांपर्यंतच्या मुलींचीही स्पर्धा होते. तिथं देशाकडून जायची वाट वयोगटाच्या स्पर्धांतून जाते, १२, १४, १६ वर्षांखालील अशी. त्यासाठी अखिल भारतीय टेनिस संघटनेत खेळाडूची नोंदणी लागते. राज्यात हे काम महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना बघते. नोंदणीला वयाचा पुरावा लागतो, तेव्हा जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना, हे आधीच तपासून घ्या. खेळ स्वस्त नाही. रॅकेट एकदा घेऊन भागत नाही, तिच्या तारा पुन्हा पुन्हा बदलाव्या लागतात. बॉल तेवढा आपल्याकडं आधीपासून आहे.