रात्रीचा सायकलस्वार आणि दृश्यमानता : सायकलच्या दिव्याच्या कार्याचे विवेचन

प्रस्तावना

‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ या दोन क्रियापदांतील भेद मराठी भाषकाला वेगळा शिकवावा लागत नाही. सायकलच्या दिव्याचा विचार करताना मात्र या भेदाचा हमखास विसर पडतो. रस्त्यावर नगरपालिकेचे दिवे आहेत, पुढचा खड्डा दिसतो आहे, मग सायकलला दिवा कशाला, असा प्रश्न अनेक सुशिक्षितही करतात. हा प्रश्न पाहण्यासंबंधीचा आहे. सायकलच्या दिव्याचे मुख्य प्रयोजन दिसण्याशी, म्हणजे मागून वा समोरून येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात या प्रयोजनाचा डोळ्याची रचना, प्रकाशाचे गुणधर्म आणि उपलब्ध प्रयोग यांच्या आधारे विचार केला आहे.

स्वातंत्र्योत्तर काही दशके सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती. विनादिव्याची सायकल आणि डबल सीट ही त्या काळी पोलिसाने शिटी वाजवून अडवण्याची दोन ठरलेली कारणे होती. प्रारंभी रॉकेलचा दिवा आणि नंतर टायरला घासून फिरणारा डायनामो हे सायकलचे अंगभूत भाग समजले जात. पुढे स्वयंचलित दुचाकींनी रस्ते व्यापले, सायकल मागे पडली आणि तिचा दिवाही गेला. आज सायकल पुन्हा दिसू लागली आहे. दिवा मात्र त्या प्रमाणात परतलेला नाही. कारखान्याची दुसरी पाळी संपवून परतणारा कामगार, पहाटेचा दूधवाला, हिवाळ्यात शाळा सुटल्यावर वस्तीकडे निघालेली विद्यार्थिनी यांच्यासाठी सायकल ही हौस नसून गरज आहे, आणि अंधाराशी गाठ त्यांचीच अधिक पडते.

चालकाच्या डोळ्यांची मर्यादा

ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. अनपेक्षित अडथळा लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद गेले, तर ३३ मीटर रस्ता सरलेला असतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही मोटार थांबण्यास वीसहून अधिक मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर पंचावन्न मीटरच्या घरात जाते. दिव्यांचा झोत खाली असताना गडद कपड्यांतील माणूस चालकाला पुष्कळदा या अंतराच्या आत आल्यावरच दिसतो. अशा वेळी चालक सावध असला, नियमाने चालत असला, तरी अपघात टळेलच असे नाही. समोरून प्रखर दिव्यांचे वाहन येत असेल, तर त्या तिरपेत सायकलस्वार अक्षरशः नाहीसा होतो.

नेत्रपटलावर शंकुपेशी आणि दंडपेशी असे दोन प्रकारचे प्रकाशग्राही घटक असतात. रंगांचे ज्ञान शंकुपेशींमुळे होते, परंतु त्यांना पुरेसा प्रकाश लागतो. मंद प्रकाशात दंडपेशी काम करतात आणि त्या लाल रंगाला जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे दिवसा उठून दिसणारा लाल सदरा रात्री काळपट भासतो. मग मागचा दिवा लाल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. दिवा स्वतः प्रकाशमान असल्याने तो शंकुपेशींना जागे करण्याइतका तेजस्वी असतो, सदरा नसतो. शिवाय पुढे पांढरा व मागे लाल या संकेतामुळे समोरची वस्तू आपल्याकडे येत आहे की आपल्यापुढे त्याच दिशेने जात आहे, याचा बोध क्षणात होतो.

पिवळ्याधमक प्रस्फुरक जाकिटाविषयीही असाच भ्रम आढळतो. प्रस्फुरक रंग अतिनील किरणे शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. ही किरणे सूर्यप्रकाशात असतात, रस्त्यावरच्या दिव्यांत नगण्य असतात. परावर्तक पट्टीचे तत्त्व निराळे आहे. ती आपल्यावर पडलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते, म्हणून मोटारीचा झोत पडताच चालकाला ती लखलखताना दिसते. झोत पडला नाही तर तीही निरुपयोगी. गल्लीतून आडवा येणारा सायकलस्वार झोतात शिरेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. तेथे स्वतःचा दिवाच हवा. हंगामात उसाच्या बैलगाड्यांना परावर्तक लावण्याची मोहीम साखरपट्ट्यात निघते, तिच्यामागील तत्त्व हेच आहे. सायकलीला मात्र असे हंगामी भाग्यही क्वचितच लाभते.

प्रयोगांची साक्ष

डेन्मार्कमधील ओडेन्स येथे २००४-०५ मध्ये सुमारे ३,८०० सायकलस्वारांवर प्रयोग झाला. चाकावरील चुंबकाच्या साहाय्याने चालणारे, सदैव लुकलुकणारे दिवे एका गटाला दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. दिवे असलेल्या गटात शारीरिक इजा झालेल्या अपघातांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. हे दिवे दिवसाही चालू होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष मात्र विचारात पाडणारे आहेत. रात्री बंद मार्गावर मोटार चालवणाऱ्यांनी काळ्या कपड्यांतील सायकलस्वार अवघ्या २ टक्के वेळा ओळखला. प्रस्फुरक जाकीट असता हे प्रमाण १५, परावर्तक जाकीट असता ५०, आणि त्याला घोट्या-गुडघ्यांवरील परावर्तक पट्ट्यांची जोड मिळाली तेव्हा ९० टक्के झाले. हँडलवरील दिव्याने, तो स्थिर असो वा लुकलुकता, या ओळखीत भर पडली नाही. त्यावरून दिवा व्यर्थ ठरत नाही. दिवा ‘येथे काहीतरी आहे’ एवढे सांगतो. ते काहीतरी म्हणजे सायकल चालवणारा माणूस आहे, हे वरखाली होणारे पाय सांगतात. मानवी हालचालीची लय ओळखण्यात मेंदू विलक्षण तरबेज असतो. धोका आहे तो दिवा लावला म्हणजे आपण पुरते दिसलो, या समजुतीत. मोटारीचे प्रखर दिवे सायकलस्वाराला दुरून दिसतात आणि चालकालाही आपण तितकेच दिसत असू असे तो गृहीत धरतो.

साधनांची निवड

जुन्या डायनामोचा मोठा दोष म्हणजे चाक थांबले की दिवा विझे, आणि चौकात थांबलेला स्वार नेमका नको त्या वेळी अंधारात जाई. निळ्या एलईडीच्या शोधाने, ज्यासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले, पांढरा एलईडी शक्य झाला आणि ही अडचण दूर झाली. आता थोड्या विजेवर तासन्‌तास चालणारा दिवा मिळतो. लुकलुकता दिवा लक्ष वेधतो, परंतु त्यावरून अंतराचा व वेगाचा अंदाज बांधणे कठीण जाते. ब्रिटनने २००५ मध्ये त्यास परवानगी दिली, जर्मनीत तो निषिद्ध आहे. मागे एक स्थिर लाल दिवा आणि परावर्तक, पुढे किंचित खाली झुकवलेला पांढरा दिवा व पायांना पट्ट्या, ही मांडणी आपल्याकडील रस्त्यांना अधिक योग्य वाटते. पुढचा झोत सरळ ठेवणारे सायकलस्वार समोरच्याचे डोळे दिपवतात, आणि मोटारवाल्यांविषयीची आपलीच तक्रार स्वतःवर ओढवून घेतात.

मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. या मुलींपैकी काही पुढे महाविद्यालयातही त्याच सायकलीवरून येतात. सायंकाळच्या तासिकांचे वेळापत्रक आखताना महाविद्यालयाच्या सायकल-तळावरील किती सायकलींना मागचा दिवा आहे, हे एकदा मोजून पाहण्यास फारसा वेळ लागणार नाही.