शेंडा खुडा, कुंपण दाटेल

मार्गशीर्षाच्या सुमारास मुरुमच्या शिवारात एक फेरी मारा. हरभरा वीतभर वाढलेला असतो आणि बायाबापड्या वाकून त्याचे कोवळे शेंडे खुडत असतात. त्या दिवशी घरोघरी हरभऱ्याची भाजी शिजते. उरलेला पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. शेंडे खुडल्यामुळे हरभरा खुरटतो काय? मुळीच नाही. दोन आठवड्यांनी तेच झाड पाहा. ते डेरेदार झालेले असते. जिथे एक शेंडा होता तिथे चार-पाच फांद्या फुटलेल्या असतात, आणि पुढे त्या फांद्यांना घाटे लागतात.

आता शाळेभोवतीच्या किंवा घराभोवतीच्या मेंदीच्या कुंपणाकडे वळा. बऱ्याच ठिकाणी ते पुरुषभर उंच असते. वर हिरवेगार आणि खाली नुसते खराटे! त्या खराट्यांमधून शेळी निवांत आत शिरते आणि वनमहोत्सवात लावलेली रोपे फस्त करते. कुंपण उंच आहे, पण ते राखण करीत नाही. असे का झाले? हरभऱ्याचे जे झाले ते या मेंदीचे झाले नाही म्हणून. तिचा शेंडा वेळेवर खुडलाच नाही.

शेंड्याचा हुकूम

मेंदीची एक डहाळी हातात घ्या. पाने समोरासमोर, जोडीजोडीने असतात. प्रत्येक पानाच्या बेचक्यात भिंगातून पाहिल्यास एक इवलीशी कळी दिसते. ही फुलाची कळी नव्हे. हा झोपलेला कोंब आहे. त्याची फांदी होऊ शकते. मग तो झोपून का राहतो? कारण डहाळीच्या टोकाला असलेला शेंडा त्याला उठू देत नाही. याला 'अग्रप्रभाव' म्हणतात.

शेंडा हा हुकूम कसा पाठवतो, याचा शोध मोठा मौजेचा आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली गवताच्या कोवळ्या कोंबांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. प्रकाश टिपते ते कोंबाचे टोक, पण वाकतो तो त्याखालचा भाग, असे त्यांना दिसले. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात होता. १९२६ साली हॉलंडमधील फ्रिट्स वेंट या तरुण संशोधकाने ओटच्या कोंबांची टोके कापून ती अगरच्या तुकड्यांवर ठेवली. टोकातील द्रव्य अगरमध्ये उतरले. मग टोक नसलेल्या कोंबावर नुसता तो तुकडा ठेवला, तरी कोंब वाढू लागला! या द्रव्याला पुढे 'ऑक्झिन' हे नाव मिळाले.

आपल्या कुंपणाशी थेट संबंध असलेला प्रयोग केनेथ थिमन आणि फोल्क स्कूग यांनी १९३३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले. अपेक्षेप्रमाणे बेचक्यांतील कोंब जागे झाले. परंतु कापलेल्या जागी ऑक्झिन लावले, तेव्हा शेंडा नसूनही कोंब झोपूनच राहिले. शेंड्याचा हुकूम म्हणजे हे ऑक्झिनच, असे त्यावरून ठरले.

विज्ञान मात्र तिथेच थांबले नाही. ऑक्झिन स्वतः कळीत शिरत नाही, तर दुसऱ्या द्रव्यांमार्फत काम करते. त्यांपैकी 'स्ट्रायगोलॅक्टोन' या गटातील द्रव्ये फांद्या फुटण्यास अटकाव करतात, हे २००८ साली उघड झाले. २०१४ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली. वाढता शेंडा पानांनी तयार केलेली साखर स्वतःकडे ओढून घेतो. तो कापला की ती साखर बेचक्यांतील कळ्यांना मिळते, आणि जागे होण्याचा पहिला इशारा त्यांना या साखरेकडूनच मिळतो. ही साखरेची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

कात्रीचे गणित

मेंदीची पाने जोडीने असल्यामुळे एका छाटणीनंतर एका डहाळीच्या निदान दोन होतात, असे धरू. दुसऱ्या छाटणीनंतर चार, तिसऱ्या छाटणीनंतर आठ. पाचव्या छाटणीअखेर हिशेब बत्तिसावर जातो. प्रत्यक्षात काही कोंब मरतात, काही उठतच नाहीत. पण दाटपणा येतो तो याच वाटेने.

परंतु नवे कोंब फुटतात ते बहुतेक छाटलेल्या जागेच्या जवळच. म्हणून पहिली छाटणी फार खाली, फार लवकर करावी लागते. रोप हातभर झाले की ते जमिनीपासून वीतभर ठेवून कापावे. इथेच आपला जीव कासावीस होतो. 'एवढे वाढवले आणि कापायचे?' असे वाटते. पण जो हे करीत नाही, त्याला पाच वर्षांनी खराटे मिळतात.

दुसरा नियम आकाराचा. कुंपण तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद असावे. उदाहरणार्थ, तळाशी ६० सेंटिमीटर आणि माथ्याशी ४०. कारण सोपे आहे. पान प्रकाशात साखर तयार करते आणि श्वसनात ती खर्च करते. माथा रुंद झाला की खालच्या पानांवर सावली पडते. त्यांची मिळकत खर्चाहून कमी होते आणि दिवाळखोर दुकानासारखी ती पाने बंद पडतात, म्हणजे गळतात. एकदा तळ उघडा पडला की वरून कितीही छाटा, तो भरत नाही.

लंडनचा पाऊस आणि मुरुमचा पाऊस

कुंपण केव्हा छाटावे? बागकामाची इंग्रजी पुस्तके वाचून हे ठरवू नका. गंमत पाहा. लंडनला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. धाराशिव जिल्ह्याची सरासरी त्याहून थोडी जास्तच आहे. तरीही लंडनची कुंपणे बारमाही हिरवी आणि आपली वैशाखात करपलेली! फरक पावसाच्या मापात नाही, वाटपात आहे. तिकडे पाऊस बारा महिन्यांत विभागून पडतो आणि हवा थंड असते. आपल्याकडे तो जून ते ऑक्टोबरमध्ये उरकतो, आणि नंतर सात-आठ महिने जमिनीतल्या ओलीवर भागवावे लागते.

ही ओलही सगळीकडे सारखी नसते. गावाच्या नावाचाच मुरूम जिथे वर आला आहे, तिथे पाणी झिरपून जाते. काळ्या रानात ओल टिकते, पण उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात.

आता ती साखर आठवा. छाटल्यावर नवी पालवी फुटते ती साठवलेल्या साखरेच्या बळावर. एप्रिल-मेमध्ये छाटणी केलीत, तर झाड साठा खर्चून कोवळी पालवी काढते. त्या पातळ पानांतून पाणी भराभर उडते, मुळांना ते पुरवता येत नाही, आणि पालवी करपते. साठा गेला आणि मिळकतही गेली. म्हणून आपले वेळापत्रक असे ठेवा:

मृगाचा चांगला पाऊस होऊन जमीन भिजली की मोठी छाटणी. त्यानंतर पावसाळाभर तीन-चार आठवड्यांनी हलकी छाटणी. फक्त कोवळे शेंडे. परतीचा पाऊस सरताना, दसरा-दिवाळीच्या दरम्यान शेवटची छाटणी. हिवाळ्यात एखादी चुकार डहाळी तेवढी कापा. उन्हाळ्यात कात्री खुंटीला टांगा.

'कुंपणच शेत खाते' ही म्हण माणसांबद्दल असली, तरी बेसुमार वाढलेल्या मेंदीलाही ती लागू पडते. जितकी पाने जास्त, तितके पाणी जास्त उडते, आणि शेजारच्या वाफ्याची ओल कुंपणाच्या वाट्याला जाते. नीट छाटलेले कुंपण पाणी बेताने पिते. छाटलेला पाला जाळू नका. तो कुंपणाच्या बुडाशी पसरा. आच्छादनाखाली ओल टिकते आणि भेगा कमी पडतात.

कात्री लावण्यापूर्वी

आधी कुंपणात डोकावून पाहा. बुलबुल, शिंपी, मुनिया यांची घरटी पावसाळ्यातही असतात. घरटे दिसले तर तेवढा भाग पिले उडेपर्यंत सोडा. इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या विणीसाठी शेतांच्या कडेची कुंपणे १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटू नयेत, असा नियम २०२४ साली झाला. आपल्याला त्यासाठी नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कुंपण कोणत्या झाडाचे आहे तेही ओळखा. मेंदी आणि कडू मेंदी कितीही छाटली तरी फुटतात. कडू मेंदीला शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. मोरपंखी मात्र जुन्या, पाने नसलेल्या लाकडातून सहसा फुटत नाही. ती हिरव्या भागातच छाटावी. शेराच्या कुंपणाला विद्यार्थ्यांनी हात लावू नये. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते.

कात्री धारदार असावी. बोथट कात्रीने फांदी चेंबते आणि जखम लवकर भरत नाही. दोन खुंट्यांना सुतळी ताणून बांधा, म्हणजे माथा सरळ येतो.

आणि ज्या कुंपणाचे खराटे झालेच आहेत, त्याचे काय? ते मेंदीचे असेल तर आशा आहे. राजस्थानात पाली जिल्ह्यातील सोजत भागात मेंदीची शेती होते. तिथे दरवर्षी झाडे जमिनीलगत कापतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा फुटतात. जुन्या लाकडाच्या सालीखाली झोपलेल्या कळ्या असतात, त्या जाग्या होतात. तुम्हीही पहिल्या चांगल्या पावसानंतर कुंपण वीत-दीड वीत ठेवून कापा. सगळे एकदम नको. यंदा निम्मी लांबी, पुढच्या वर्षी उरलेली. कापलेल्या भागापुढे वर्षभर बाभळीच्या काट्यांची कुपाटी घाला, म्हणजे शेळ्यांचे फावणार नाही.

करून पाहा

तीन डब्यांत घेवड्याची एकेक रोपे वाढवा. चार-पाच पाने आली की पहिले तसेच ठेवा. दुसऱ्याचा शेंडा खुडा. तिसऱ्याचाही शेंडा खुडा, पण ते अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. तिघांना सारखे पाणी द्या. पंधरा दिवस रोज किती कोंब फुटले आणि ते किती लांब झाले, याची नोंद वहीत करा. पहिल्या दोन रोपांतील फरक शेंड्याचा हुकूम दाखवील. दुसऱ्या आणि तिसऱ्या रोपांतील फरक कशामुळे पडला, हे मात्र तुम्हीच वर्गात सांगा. त्याचे उत्तर या लेखात दोनदा येऊन गेले आहे.