तरवार, बंदूक व ख्रिस्ती मनुष्य

अमेरिकेच्या राज्यघटनेंत १७९१ सालीं झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीनें नागरिकांस शस्त्र बाळगण्याचा हक्क मिळाला. परंतु तो हक्क ख्रिस्ती मनुष्यानें बजावावा काय, याविषयीं तेथील मंडळ्यांत एकमत नाहीं.

एक पक्ष लूकाच्या बाविसाव्या अध्यायाचा आधार घेतो. तेथें प्रभु शिष्यांस वस्त्र विकून तरवार घ्यावयास सांगतो. पण त्याच रात्रीं पेत्रानें तरवार उपसतांच प्रभूनें ती म्यानांत घालावयास लाविली, याचा या पक्षास विसर कसा पडतो, कोण जाणे!

तथापि प्रसंग ओढवला म्हणजे वाद इतका सोपा राहत नाहीं. २०१९ च्या डिसेंबरांत टेक्सासमध्यें उपासना चालू असतां एका इसमानें दोघांस ठार केलें. मंडळींतील एका सशस्त्र सभासदानें कांहीं सेकंदांतच त्यास गोळी घातली. त्या सभासदास दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. उलट २००६ सालीं पेनसिल्व्हेनियांतील आमिश शाळेंत पांच मुली मारल्या गेल्या, तेव्हां आमिश शेजारी त्याच दिवशीं मारेकऱ्याच्या घरच्यांचें सांत्वन करावयास गेले.

परवानाधारक दुकानदारास गिऱ्हाइकाची पूर्वचौकशी करावी लागते. खासगी विक्रेत्यावर मध्यवर्ती कायद्याची तशी सक्ती सहसा नाहीं. शस्त्राचा कैवार घेणाऱ्या कित्येक मंडळ्या निदान ही फट बुजविण्यासही कां कचरतात, हें आम्हांस उमगत नाहीं.