पाय उचलायची मुभा

मे महिन्यात इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर सराव चालू असताना तिसऱ्या वळणाजवळच्या स्टँडमध्ये बसावं आणि कानाला स्कॅनर लावावा. गाड्यांच्या आवाजात शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण हेडफोनमधून एकेका ड्रायव्हरचा रेडिओ स्पष्ट ऐकू येतो. त्यावर एक माणूस अगदी सपाट आवाजात शब्द टाकत असतो : ‘‘इनसाइड... इनसाइड... स्टिल देअर... क्लिअर.’’ हा स्पॉटर. या अडीच मैलांच्या ट्रॅकवर एका माणसाला सगळं दिसत नाही, म्हणून प्रत्येक गाडीचे दोन स्पॉटर असतात. एक पहिल्या वळणाकडे, दुसरा इथे तिसऱ्याकडे. गाडी मागच्या सरळ पट्ट्यावर आली की एकाचा आवाज थांबतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो.

हे डोळे उसने घ्यावे लागतात, कारण सुरक्षेनेच ड्रायव्हरची मान बांधून ठेवली आहे. धडकेत डोकं पुढे फेकलं जाऊन कवटीचा तळ फुटायचा. ते टाळण्यासाठी हेल्मेट खांद्यावरच्या ‘हान्स’ या कॉलरला पट्ट्यांनी जोडलेलं असतं, शिवाय दोन्ही बाजूंना जाड गाद्या. मागे वळून बघणं शक्यच नाही आणि आरसे थरथरत असतात. 2023 मध्ये आलेक्स पालोने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवला तो चार फेऱ्यांच्या 234.217 मैल सरासरीने, म्हणजे ताशी सुमारे 377 किलोमीटर. सेकंदाला शंभर मीटरहून जास्त. ‘क्लिअर’ अर्धा सेकंद लवकर आला तर दोन गाड्या एकाच जागेवर हक्क सांगतात.

त्या जागेचा न्याय करणारा नियम ऐकायला सोपा आहे. पुढच्याने आपली रेषा निवडावी, पण मागचा बाजूला निघाला म्हणून त्याच्यासमोर आडवं येऊ नये. तसं केलं की ते ब्लॉकिंग, आणि रेस कंट्रोल ताकीद किंवा दंड देतं. स्टँडमधून बघताना मात्र गोम कळते. मागची गाडी पुढच्या गाडीच्या मागे तयार झालेल्या विरळ हवेत ओढली जाते आणि वळणाआधी आतल्या बाजूला नाक काढते. पुढचा त्याआधीच आत सरकला तर ती निवड, नंतर सरकला तर गुन्हा. 2022 मध्ये इथल्या इंडी 500 शर्यतीत शेवटी मार्कस एरिक्सन सरळ पट्ट्यावर नागमोडी चालवत राहिला, मागच्याला ती ओढ मिळू नये म्हणून. त्याला दंड झाला नाही. तो जिंकला.

अशा वादांवर तासन्‌तास बोलता येतं. पण या नियमांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : ड्रायव्हरकडे निवड आहे. 16 ऑक्टोबर 2011 ला लास व्हेगासमध्ये ती जवळजवळ उरली नव्हती. दीड मैलाचा ट्रॅक, वळणांना 20 अंशांपर्यंत उतार आणि 34 गाड्या. गाडी जमिनीला इतकी चिकटलेली की पूर्ण फेरीत थ्रॉटलवरून पाय उचलायची गरजच नाही. सगळ्यांचा वेग सारखा, म्हणून कोणी सुटून पुढे जात नाही आणि कोणी मागे पडत नाही. चाकाला चाक लावून घोळका फिरत राहतो. डॅन वेल्डन सर्वांत मागून सुटला होता. तिथून जिंकला असता तर तो आणि एक प्रेक्षक 50 लाख डॉलर वाटून घेणार होते. अकराव्या फेरीत 15 गाड्या एकमेकींत घुसल्या. वेल्डनची गाडी उडून कुंपणावर गेली आणि त्याचं डोकं खांबावर आदळलं. त्या दिवशी एखाद्याने शहाणपणाने पाय उचलला असता, तर मागच्याने त्याला धडक दिली असती.

त्यानंतरची खरी दुरुस्ती ड्रॉइंगबोर्डवर झाली. वेल्डननेच चाचणी घेतलेली नवी गाडी 2012 मध्ये त्याच्या आद्याक्षरांनी, डीडब्ल्यू 12 म्हणून, धावू लागली. चाकात चाक अडकू नये म्हणून मागच्या चाकांना आडोसे आले (ते 2018 मध्ये निघाले). मोठ्या ओव्हलवर गाडीला जमिनीकडे दाबणारा हवेचा जोर कमी केला गेला. इंडियानापोलिसचा उतार मुळातच जेमतेम नऊ अंशांचा. त्यामुळे इथे कान देऊन बसलं की फरक ऐकू येतो : दुसऱ्याच्या मागे लागलेली गाडी वळणाच्या तोंडाशी क्षणभर सूर खाली आणते. ड्रायव्हरने पाय उचललेला असतो. त्या क्षणात तो ठरवतो की घुसायचं की थांबायचं. ब्लॉकिंगचा नियम त्या क्षणापुरताच खरा असतो.

निवड चुकली किंवा गाडीचा एखादा भागच तुटला, तर पुढचं काम भिंतीचं. 2002 पासून इथे काँक्रीटच्या पुढे पोलादी नळ्या आणि मागे फोमचे ठोकळे असलेली ‘सेफर’ भिंत आहे. तिच्या कल्पनेवर नेब्रास्का विद्यापीठातल्या अभियंत्यांनी काम केलं. 2015 मध्ये सस्पेन्शन तुटून जेम्स हिंचक्लिफ याच तिसऱ्या वळणावर भिंतीला धडकला आणि एक धातूचा दांडा त्याच्या मांडीतून आरपार गेला. या शर्यतींच्या मालिकेबरोबर सगळीकडे फिरणारं सुरक्षा पथक तिथे होतं, म्हणून तो वाचला; पुढच्या मे महिन्यात त्याने पोल मिळवला. त्याच 2015 मध्ये पोकोनोला दुसऱ्या गाडीचं तुटलेलं नाक हेल्मेटवर आदळून जस्टिन विल्सन गेला. 2020 पासून ड्रायव्हरसमोर टायटॅनियमची चौकट आणि पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा एरोस्क्रीन आहे. त्याच वर्षी आयोवात रिनस व्हीकेच्या गाडीवर कोल्टन हर्टाची गाडी चढली, तेव्हा दोघेही चालत बाहेर पडले.

अपघात झाला की स्टँडमध्ये पहिला प्रश्न येतो : चूक कोणाची? व्हिडिओ मागेपुढे करून त्याचं उत्तर मिळतंही. पण शर्यत भरवणाऱ्यांनी आणि गाडी आखणाऱ्यांनी त्याआधी, हिरवा झेंडा फडकण्यापूर्वीच, दुसरा प्रश्न विचारायला हवा : या ट्रॅकवर, या गाडीत, पाय उचलणाऱ्याला त्याची किंमत काय पडणार आहे? ती किंमत एखादी जागा गमावण्याएवढी असेल तर ड्रायव्हरकडून शिस्त मागता येते. जीव जाण्याएवढी असेल, तर दंडाची पुस्तिका कितीही जाड केली तरी उपयोग नाही.