मशेरीचा डबा, सुपारीचं खांड आणि कॉलेजची मुलं

उरणहून लोकल पकडून कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींना ‘दात घासता का?’ असं विचारलं, तर ती हसतील. सकाळी सगळेच घासतात. रात्री? तिथे उत्तर अडखळतं. झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांत अडकलेल्या अन्नावर जंतूंचं काम निवांत चालतं. म्हणून रात्रीचा ब्रश जास्त मोलाचा. तो इशाच्या नमाजनंतर, अगदी झोपताना करावा. फ्लोराइडची पेस्ट थुंकायची, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

वजूच्या वेळी मिसवाक करणं ही सुन्नत. पिलूच्या काडीने दात चांगले साफ होतात. मात्र दाढांच्या आतल्या बाजूला ती नीट पोहोचत नाही. तिथे ब्रश हवाच.

घरातल्या मशेरीचं काय? दादी-नानी लावते, म्हणून दात ठणकला की नातही बोट डब्यात घालते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात साफ होत नाहीत. हिरड्यांतून निकोटीन मात्र अंगात भिनतं. ‘मशेरीशिवाय तोंड साफ वाटत नाही’ असं म्हणतात ना, ती तलफ असते.

मुलांची गोष्ट वेगळी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आपल्या रायगडातल्या वाड्यांत पिकते आणि तिला कुणी व्यसन मानत नाही. रोज सुपारी चघळणाऱ्याला आधी तिखट झोंबू लागतं, मग गालाची आतली त्वचा ताठरते, तोंड उघडेना होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. घरच्या घरी एक चाचणी करता येते: आपलीच तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का पाहावं. जात नसतील, तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये.

जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत येते. त्याच मार्गावर नेरूळला डी. वाय. पाटील आणि बेलापूरला भारती विद्यापीठ यांची दंत महाविद्यालयं आहेत. शिकाऊ डॉक्टर वेळ जास्त घेतात, पण वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. दात साफ करून घेतल्याने ते हलू लागतात, ही भीती खोटी. आणि तपासणीच्या वेळी अम्मीने जरा बाहेर बसावं. तिच्यासमोर मुलगा सुपारीचं नाव काढणार नाही.