न फोडायच्या बाटल्या

सुरत : भुसावळहून सुरतेला येताना नवापूर स्थानक लागतं. तिथला एक बाक निम्मा महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातमध्ये आहे. परवा गाडी तिथं थांबली तशी शेजारच्या जळगावकर गृहस्थांनी मांडीवरची पिशवी चाचपली. पिशवीत चिवडाच होता, पण सुरतेच्या उधन्याला राहून वीस वर्षं झाली की ही सवय लागतेच.

गंमत अशी की कायदा दोन्हीकडे मुळात एकच, मुंबई प्रांताचा १९४९ चा दारूबंदी कायदा. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली. पुढं आपल्याकडे तो कायदा परवान्यापुरता उरला, गुजरातनं मात्र तो मनापासून पाळायला घेतला. निदान कागदावर तरी. चाळिशी उलटलेल्याला डॉक्टरांच्या शिफारशीनं आरोग्य परवाना मिळतो, परराज्यातल्या पाहुण्याला तात्पुरता मिळतो, आणि डिसेंबर २०२३ पासून गिफ्ट सिटीत सवलत आहे. बाकीच्यांसाठी शनिवारचा दमणचा रस्ता.

अशा गावात मला लाल वाइनच्या गुंतवणुकीचा पहिला धडा मिळाला, आणि तो देणाऱ्यानं आयुष्यात वाइन चाखलेली नाही.

महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात दुपारी गेलात तर रस्ता हीच पेढी असते. स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उघडायची, चिमट्यानं हिरा उचलायचा, डोळ्याला भिंग लावायचं, आणि भाव बोटांनी किंवा पुटपुटून ठरवायचा. माझ्या ओळखीचे एक पालनपुरी जैन व्यापारी तिथं बसतात. कांदासुद्धा वर्ज्य. त्यांचा पुतण्या अँटवर्पला आहे. पालनपूरची बरीच घराणी हिऱ्यांच्या निमित्तानं तिथं स्थिरावलेली आहेत. या पुतण्यानं तिकडेच काही पेट्या घेऊन ठेवल्या आहेत : बोर्दोच्या शातो लाफितची २००८ सालची वाइन.

"२००८?" मी विचारलं. सुरतेत हे साल कुणी आनंदानं उच्चारत नाही. त्या दिवाळीनंतर हिऱ्याचे कितीतरी कारखाने उघडलेच नाहीत आणि सौराष्ट्रातले रत्नकलाकार बिऱ्हाड गुंडाळून गावी परतले.

"म्हणूनच," काका म्हणाले.

बोर्दोत त्या वर्षी उन्हाळा थंड आणि ओला गेला, वेलींवर बुरशी पडली. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हानं उशिरा का होईना पीक तारलं. पण सालाचं नाव पडायचं ते पडलं. त्यात तिथली चांगली वाइन पिंपात असतानाच विकली जाते. वसंतात पैसे भरा, बाटल्या दोनेक वर्षांनी घ्या. सरळ वायदाच. २००९ च्या वसंतात जग लेहमन बँकेच्या पडझडीतून सावरत होतं, घेणारा नव्हता, म्हणून भाव उतरवावे लागले. मग ऑक्टोबर २०१० मध्ये लाफितनं जाहीर केलं की या सालाच्या बाटलीवर चिनी लिपीतला आठचा आकडा कोरलेला असेल. चीनमध्ये आठ शुभ. नको असलेल्या मालाचा भाव कित्येक पट चढला. आणि २०११ च्या मध्यापासून तसाच घसरू लागला.

पुतण्यानं घेतल्या त्या घसरगुंडीनंतर. त्याचा नेम साधा आहे. मळा तोच, वाइन करणारी माणसं तीच, फक्त शेजारचं साल गाजलेलं. २००० च्या गाजावाजात २००१ झाकलं गेलं, १९८९ आणि १९९० च्या सावलीत १९८८ राहिलं. असं साल उचलायचं आणि पंधरा वर्षं विसरून जायचं. पेट्या आता इंग्लंडमध्ये, विल्टशरमधल्या कॉर्शमजवळच्या एका जुन्या दगडखाणीत आहेत. जमिनीखाली गारवा आपोआप सांभाळला जातो, आणि माल करबंद गोदामात असेतो त्यावरचा कर थांबून राहतो. भारतात आणायचा विचारही नाही. १५० टक्के जकातीची ख्याती तिकडे पोचलेली आहे, आणि सुरतेच्या मे महिन्यात ती वाइन आठवड्यात रटरटेल.

मला वाटलं होतं, काका नाक मुरडतील. त्यांनी धंद्याचा प्रश्न विचारला : "पीशे कोण?" पिणार कोण? हिरा पडून राहिला तरी हिराच राहतो, पण बाटलीला वय आहे. ती पिकते, मग उतरते. आणि भाव चढतो तो दुसऱ्या कुणीतरी आपल्या बाटल्या पिऊन संपवल्या म्हणून. उलट, २००८ ची लाफित पुन्हा कुणाला करता येत नाही. यंत्रात वाढवलेल्या हिऱ्यांनी ज्यांची झोप उडवली आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. खोटा माल मात्र इथंही आहेच. कॅलिफोर्नियात रूडी कुर्नियावान घरच्या घरी जुन्या बर्गंडीची मिसळ करून श्रीमंतांना विकत असे. त्याला २०१४ मध्ये दहा वर्षांची सजा झाली.

माझं मत विचाराल तर हा छंद गुजरात्यालाच शोभतो. आपल्याकडचा माणूस पाहुणे आले की पेटी फोडेल. नाशिकची वाइन आपण अभिमानानं पितो, पण लेबलावरचं साल कोण वाचतं? सुरतेत तर कायदा आणि धर्म मिळून बूच जागच्या जागी ठेवतात. घरात ठेवायचीच असेल तर वाट आहे : नाशिकचीच सुला कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअरबाजारात आली, ३५७ रुपयांना. डीमॅट खात्यातल्या वाइनला परवाना लागत नाही. पण तिकडेही गोडी फार टिकली नाही, आणि लंडनचा वाइनबाजारही २०२२ च्या अखेरीपासून घसरत गेला.

हे गाव मात्र कायम कोरडं नव्हतं. इंग्रजांच्या वखारीत शिराझची वाइन इराणातून येई. इंग्रज वकील टॉमस रोनं जहांगिराच्या दरबारातून कंपनीला कळवलं होतं की जडजवाहीर पाठवण्यापेक्षा लाल वाइनची चार-पाच पिंपं पाठवा. पायी हिंदुस्थानात आलेला टॉम कोरियट १६१७ च्या डिसेंबरात अतिसारानं आजारी असताना सुरतेला पोचला, देशबांधवांनी पाजलेल्या स्पॅनिश वाइननं दुखणं वाढलं, आणि तो इथंच गेला. १६६४ च्या लुटीत शिवाजी महाराजांपासून वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन कतारगाम दरवाजाजवळ घुमटाखाली झोपला आहे. १६८९ मध्ये आलेल्या पाद्री ओव्हिंग्टननं इथल्या एका डच सरदाराच्या थडग्यावर दगडाचे तीन मोठे प्याले पाहिले. मागं राहिलेले मित्र तिथं येऊन त्याच्या आठवणीत पीत बसत.

ही हकीकत काकांना सांगितली. त्यांनी पुडीचे कान दुमडले, ती खिशात सरकवली आणि विचारलं, "ते प्याले आता कुठं आहेत? कुणी विकत घेतले?"